धान्यांतील विषाची हकीकत

दळण करावयाचें म्हटलें कीं प्रथम सूप पुढें यावें, ही महाराष्ट्रांतील घरांची फार जुनी रीत. धान्य पाखडावें, खडे वेंचावे, किडका दाणा बाजूस करावा, काळवंडलेला दाणा चिमटींत धरून सुपाबाहेर टाकावा आणि मगच जात्याला हात घालावा. शहरांतून जातें गेलें, सूपहि बहुतेक गेलें. बंद पिशवींतून तयार पीठ घरीं येऊं लागलें. त्यामुळें ह्या निवडण्याचा हेतु दांताखालीं खडा येऊं नये एवढाच होता, अशी समजूत होणें साहजिक आहे. परंतु सुपाबाहेर टाकलेल्या त्या काळ्या दाण्यानें युरोपांत गांवेंच्या गांवें रडविलीं आहेत, आणि त्याच्याच एका भाऊबंदानें १९७४ सालीं राजस्थान व गुजरात ह्यांच्या सीमेवर शेंकडों माणसें अंथरुणाला खिळविलीं. हा दाणा विषारी आहे हें विद्वानांच्या दप्तरीं नोंदलें जाण्यास आठशें वर्षें लागलीं. तो टाकावयाचा कोणी आणि त्याच्या जागीं खावयाचें काय, हा प्रश्न मात्र त्यानंतरहि पुरता सुटलेला नाहीं.

हकीकतीचा आरंभ राय नांवाच्या धान्यापासून होतो. फोडणींतल्या राईशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. राय हें गव्हाच्या कुळांतील, परंतु गव्हाहून काटक असें धान्य. थंड हवेंत, वाळूमिश्रित हलक्या जमिनींत, जेथें गहूं नीट येत नाहीं तेथें राय येते. म्हणून उत्तर व मध्य युरोपांतील गरीब शेतकऱ्याची भाकर शेंकडों वर्षें रायच्या पिठाचीच होती. हें पीक फुलावर असतांना हवा थंड आणि ओली राहिली, तर एका बुरशीचे बीजकण फुलांत शिरतात. मग दाणा भरावयाच्या ऐवजीं त्या जागीं बुरशीच पोसली जाते. आरंभीं कणसांतून मधासारखा चिकट द्रव पाझरतो. त्यावर माशा बसतात आणि रोग दुसऱ्या कणसांवर नेतात. पुढें तेथें काळसर जांभळ्या रंगाची, दाण्याहून लांब, किंचित् वांकडी अशी एक कठीण गांठ तयार होते. कोंबड्याच्या पायास मागल्या बाजूला जी टोकदार नखी असते तिच्यासारखी ही गांठ दिसते, म्हणून फ्रेंच लोकांनीं तिला त्या नखीचेंच नांव दिलें. तेंच नांव रूप बदलून मराठी शेतकी पुस्तकांत 'अरगट' म्हणून आलेलें आहे. मळणींत ती गांठ दाण्यांबरोबर पडते, दाण्यांबरोबर दळली जाते आणि भाकरींत उतरते. भट्टीच्या आंचेनें तिचें विष पुरतें नाहींसें होत नाहीं.

ह्या विषाचा मुख्य गुण असा कीं त्यानें रक्तवाहिन्या आकसतात. हातापायांच्या टोंकांना रक्त पोंचेनासें होतें. प्रथम मुंग्या, मग असह्य आग, मग बधिरता आणि शेवटीं बोटें, पाऊल किंवा सबंध पाय कोळशासारखा काळा होऊन वाळतो. कित्येकांचा तो अवयव रक्ताचा थेंबहि न सांडतां गळून पडे. रोगाचें दुसरेंहि एक रूप होतें; त्यांत अंगाला झटके येत, हातपाय वांकडे होत, मनुष्यास भ्रम होई. पहिलें रूप फ्रान्सांत अधिक दिसे, दुसरें जर्मनी व रशिया ह्या बाजूंस.

राइन नदीच्या खालच्या खोऱ्यांतील झान्टेन येथील बखरींत ८५७ सालची नोंद अशी आहे कीं, लोकांच्या अंगावर फोड उठले, त्यांना किळसवाणी सड लागली आणि मरणापूर्वींच त्यांचे अवयव गळून पडले. कारण अर्थातच कोणास ठाऊक नव्हतें. त्यानंतर शतकाच्या आंतच पॅरिसजवळ जें घडलें, तें ह्या सर्व हकीकतींतील अत्यंत बोधक प्रकरण आहे. फ्लोदोआर नांवाच्या धर्मोपदेशकानें ९४५ सालच्या वृत्तांतांत लिहून ठेविलें आहे कीं, अंगांत आग पेटलेले रोगी पॅरिस येथील मेरीमातेच्या देवळाकडे धांवले आणि जे तेथें पोंचले ते बरे झाले. ड्यूक ह्यूग हा तेथें त्यांना रोज अन्न पुरवीत असे. बरें वाटल्यावर कांहींजण घरीं परतले, तों विझलेली आग पुन्हां पेटली. ते पुन्हां देवळांत आले आणि पुन्हां बरे झाले.

त्या काळच्या लोकांनीं ह्याचें श्रेय देवळाला दिलें, आणि त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. घरीं गेलें कीं रोग, देवळांत आलें कीं आराम, ह्याचा दुसरा अर्थ त्यांनीं काय करावा? परंतु आज तो वृत्तांत वाचणाराची नजर देवळाच्या कळसाकडे न जातां ड्यूकाच्या कोठाराकडे जाते. कोठारांतलें धान्य निराळें होतें. घरीं परतणारा मनुष्य ज्या पोत्यांतून भाकर करून खाई, त्याच पोत्यांत रोग भरलेला होता. उपचार सांपडलेला होता, चांगला दोनदां अनुभवासहि आला होता. फक्त तो उपचार आहे हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

पुढें अकराव्या शतकाच्या अखेरीस, सुमारें १०९५ सालीं, फ्रान्सच्या दोफिने प्रांतांत संत अँथनीच्या नांवानें ह्या रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं एक पंथ निघाला, आणि रोगासहि 'संत अँथनीची आग' हें नांव पडलें. ह्या पंथाचे मठ युरोपभर पसरले. तेथें रोग्यास चांगली भाकर मिळे, जखमांना मलमपट्टी होई, आणि काळा पडलेला अवयव जरूर तर कापून टाकीत. इझेनहाइम येथील मठासाठीं ग्रुनेवाल्ड नांवाच्या चित्रकारानें १५१२ ते १५१६ च्या सुमारास जीं थोर चित्रें काढलीं, त्यांतील एकांत फुगलेल्या अंगाचा, फोडांनीं भरलेला एक दीन मनुष्य कोपऱ्यांत पडलेला दाखविला आहे. हीं चित्रें कोलमार शहराच्या संग्रहालयांत आहेत. मठांतील रोगी ज्या चित्रासमोर बसून प्रार्थना करीत, त्यांतच चित्रकारानें त्यांच्यासारख्या पीडिताला जागा दिली. असें धैर्य फार थोड्या चित्रकारांना होतें.

खरें कारण प्रथम हातीं लागलें तें विद्यापीठांत नव्हे, सोलोन्य नांवाच्या एका दरिद्री मुलुखांत. पॅरिसच्या दक्षिणेस, ऑर्लेआं शहराच्या खालच्या बाजूस हा प्रदेश आहे. जमीन वाळूची, परंतु खालीं पाणी धरून ठेवणारी. जिकडेतिकडे तळीं आणि दलदल. अशा ठिकाणीं राय पेरण्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि ओलीमुळें रायवर अरगट हटकून येई. थुलिए नांवाच्या वैद्यानें १६३० सालीं ह्या काळ्या गांठींवर संशय धरून त्या घरच्या जनावरांना व कोंबड्यांना खाऊं घातल्या आणि तीं मेलेलीं पाहिलीं. ही हकीकत पुढें पॅरिसच्या विज्ञान-सभेचे सभासद व वनस्पतींचे जाणते वैद्य देनी दोदार ह्यांनीं १६७६ सालीं एका पत्रांत मांडली. काळी गांठ हेंच विष आहे आणि दळण्यापूर्वीं राय चाळून ती काढून टाकावी, असा त्यांचा स्पष्ट सांगावा होता. गांठ दाण्याहून मोठी असल्यामुळें चाळणीचें काम कठीण नव्हतें. साधन घरोघर होतें, ज्ञान छापून निघालेलें होतें. एवढ्यावर हा रोग संपावयास हवा होता.

तो संपला नाहीं. त्याच सोलोन्य प्रांतांत पुन्हां शंभर वर्षांनीं, १७७७ सालीं, रोगाचा मोठा उठाव झाला आणि त्यांत आठ हजार माणसें दगावल्याचा आंकडा लेखकांनीं दिलेला आहे. चाळणी होती, मग असें कां व्हावें? ह्याचें उत्तर शेतकऱ्याच्या कणगींत पाहिलें पाहिजे. राय उन्हाळ्यांत कापणीस येते. त्या सुमारास गरिबाच्या घरांतील जुनें धान्य संपलेलें असे; म्हणून खळ्यावरची नवी रास वाळण्याची वाट न पाहतां लागलीच दळावयास घेत. अरगटाचें विष ताजेपणीं फार उग्र असतें आणि साठवणींत हळूहळू मंदावतें. म्हणजे ज्याच्या घरीं गतवर्षींचें धान्य शिल्लक होतें त्यास नवें धान्य कांहीं महिने ठेवतां येई, आणि ज्याच्या घरीं कांहीं नव्हतें तो विष पूर्ण जोमांत असतांनाच तें खाई. शिवाय वाईट वर्षीं कणसांत गांठींचें प्रमाण इतकें वाढे कीं चाळून टाकलेलें वजन हें मुलांच्या तोंडचें वजन वाटे. आधींच पीक थोडें. त्यांतून सावकाराचें, जमीनमालकाचें, धर्मपीठाचें देणें वजा झालेलें. उरलें त्यांतलें चाळून फेंकावें असें सांगणें विद्वानाला सोपें होतें. भुकेल्याला तें पटणें शक्य नव्हतें.

ही गोष्ट ज्यांनीं ओळखली ते धर्मोपदेशक आणि शेतकीचे अभ्यासक तेसिए. त्यांनीं १७७७ च्या उठावानंतर सोलोन्यांत जाऊन चौकशी केली, डुकरें व बदकें ह्यांवर प्रयोग करून विषाची खात्री करून घेतली, आणि मग ज्या सूचना केल्या त्या पाहण्यासारख्या आहेत. धान्य सक्तीनें साफ करावें ही एक. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. शेतांतील पाण्याचा निचरा करावा आणि रायच्या जागीं बटाटा लावावा असेंहि त्यांनीं सांगितलें. दोदारांनीं विष कसें काढावें तें सांगितलें होतें. तेसिए ह्यांनीं विष काढल्यावर पोट कसें भरावें तेंहि सांगितलें. युरोपांत हा रोग पुढें हटला त्याच्या मुळाशीं हेंच दुसरें कारण अधिक आहे. दलदलींचा निचरा झाला, गहूं व बटाटा गरिबाच्या ताटांत आला, नांगरट खोल होऊं लागल्यामुळें जमिनीवर पडलेल्या गांठी खालीं गाडल्या जाऊन रुजेनाशा झाल्या, गिरण्यांतून धान्य सफाईचीं यंत्रें आलीं.

मध्यंतरीं विद्वानांनीं घोटाळेहि पुष्कळ केले. वनस्पतिशास्त्राचा महामेरु जो लिनिअस, त्याच्याच शाळेंत १७६३ सालीं असें प्रतिपादन झालें कीं झटक्यांचा हा रोग रानमुळ्याचें बीं धान्यांत मिसळल्यानें होतो. आणि रोगाला मुळ्याचें लॅटिन नांवहि चिकटलें. बिचारा मुळा उगाच बदनाम झाला. काळी गांठ ही बुरशीची एक अवस्था असून तिचें जीवनचक्र कसें चालतें, हें फ्रेंच शास्त्रज्ञ लुई तुलान ह्यांनीं १८५३ सालीं सिद्ध केलें. दरम्यान सुइणींनीं ह्याच गांठीचा उपयोग बाळंतपणांत गर्भाशय आकसावा म्हणून चालविला होता. जर्मनीमधील एका वनौषधिग्रंथांत १५८२ सालींच त्याचा उल्लेख आहे. तिच्यापासून १९३५ सालीं वेगळें काढलेलें एक द्रव्य प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यास डॉक्टर लोक वापरूं लागले. रशियांत मात्र १९२६-२७ सालीं पुन्हां हजारों लोकांना ह्या रोगानें घेरलें. धान्याची टंचाई परतली कीं जुना पाहुणाहि परततो.

महाराष्ट्राचा ह्या गांठीशीं संबंध येतो तो बाजरीच्या द्वारें. बाजरीवर जी अरगटाची बुरशी पडते ती रायवरील बुरशीची चुलत बहीण म्हणावी. फुलोऱ्यांत कणसांतून चिकट मधासारखे थेंब येतात, म्हणून शेतकरी त्या रोगाला चिकटा असेंहि म्हणतात. तिचें विष निराळ्या जातीचें असतें. त्यानें हातपाय झडत नाहींत. परंतु जेवणानंतर तास-दोन तासांत मळमळ, ओकाऱ्या, घेरी आणि मग लांबलेली गुंगी येते. तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागांत १९५६-५७ सालीं बाजरीच्या भाकरीनें पुष्कळ लोकांना अशी बाधा झाल्याचें डॉक्टरांनीं नोंदलें आहे. राजस्थानांत १९७५ सालीं तसेंच घडलें. साठ-सत्तरच्या दशकांत संकरित बाजरी आल्यावर तर हा रोग अधिकच बळावला. सबंध शेत एका वाणाचें, एकाच वेळीं फुलणारें. आणि फुलाला पराग वेळेवर न मिळाला तर बुरशीला दार उघडेंच. पीक दुप्पट यावें म्हणून आणलेल्या बियाण्यानें रोगालाहि आंवतण दिलें.

ह्यावर जो उपाय शेतकी खात्यानें सांगितला तो इतका साधा आहे कीं त्याचें कौतुक करावेंसें वाटतें. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरघळवावें आणि त्यांत बाजरी ओतून ढवळावी. निरोगी दाणा जड म्हणून तळाशीं बसतो. बुरशीची गांठ व पोंचट दाणा हलका म्हणून वर तरंगतो. वरचें काढून नष्ट करावें, खालचा दाणा स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुऊन वाळवावा. बियाण्यासाठीं हें सर्वत्र सांगितलें जातें, परंतु खावयाच्या बाजरीलाहि तें तितकेंच लागू आहे. भारतीय अन्नकायद्यानें धान्यांतील अरगटयुक्त दाण्यांची मर्यादा वजनाच्या ०.०५ टक्के एवढीच ठेविली आहे, ती अशा साधनांच्याच भरंवशावर.

आतांपर्यंतचा शत्रु निदान डोळ्यांना दिसणारा होता. काळी गांठ हातांत धरून दाखवितां येत होती. दुसरा शत्रु १९६० सालीं इंग्लंडांत उघडकीस आला, तो माणसांच्या नव्हे तर टर्की नांवाच्या पक्ष्यांच्या मरणानें. कांहीं महिन्यांत एक लाखाहून अधिक पिल्लें मेलीं. पुष्कळ शोधाअंतीं दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे गेला. ह्या पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस नांवाची पिवळसर हिरवी बुरशी वाढलेली होती आणि तिच्या नांवावरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. जंबुपार किरणांखालीं तें निळें किंवा हिरवें चमकतें. एरवीं त्यास रंग नाहीं, चव नाहीं. शिजविण्यानें वा भाजण्यानें तें पुरतें जात नाहीं. भुईमूग, मका, मिरची, सरकी ह्यांवर ही बुरशी वाढते. मोठ्या प्रमाणांत पोटांत गेलें तर तें विष थेट यकृत निकामी करतें. थोडें थोडें वर्षानुवर्षें गेलें तर यकृताचा कर्करोग आणतें, आणि ज्यांना आधींच ब प्रकारची यकृतसूज आहे त्यांना तर हा धोका फारच वाढतो. दुभत्या जनावरानें विषारी पेंड खाल्ली तर विषाचा अंश दुधांतहि उतरतो.

ह्या शोधाला पंधरा वर्षें झालीं नाहींत तोंच त्याचा पडताळा भारतांत आला. राजस्थानांतील बांसवाडा आणि गुजरातेंतील पंचमहाल हे लगतचे डोंगराळ जिल्हे. तेथील भिल्ल व इतर आदिवासी कुटुंबांचें मुख्य अन्न मका. १९७४ सालच्या ऑक्टोबरांत, मका काढणीस आला असतां, अवकाळी पाऊस झाला. कणसें ओलीं झालीं, तशींच घरांत आलीं, आणि तशींच सांठवलीं गेलीं. प्रथम गांवचीं कुत्रीं मरूं लागलीं. त्यांचीं पोटें फुगत, डोळे पिवळे होत. मग माणसांचा क्रम लागला. कावीळ, पोटांत पाणी, पायांना सूज, आणि कित्येकांना थोड्याच आठवड्यांत मरण. दोनशेंहून अधिक गांवें ह्या फेऱ्यांत सांपडलीं. ३९७ रोग्यांची नोंद झाली, त्यांपैकीं १०६ दगावले. हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जाऊन पाहणी केली आणि १९७५ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या घरांत रोग होता त्या घरांतील मक्याच्या एका किलोंत सहा ते पंधरा मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन सांपडलें. भारतीय कायदा धान्याच्या एका किलोंत १५ मायक्रोग्रॅमपर्यंतच सूट देतो. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

तान्हीं मुलें वांचलीं, कारण तीं मका खात नव्हतीं. एकाच मुलुखांत राहूनहि ज्यांना दुसरें धान्य विकत घेण्याची ऐपत होती तेहि वांचले. रोग होता तो अत्यंत गरीब कुटुंबांपुरता. मक्याला बुरशी आलेली त्यांना दिसत नव्हती असें मुळींच नाहीं. हिरवा, काळा पडलेला दाणा ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. पिढ्यान् पिढ्या मका पिकविणाऱ्या माणसाला तर नाहींच नाहीं. परंतु घरांत दुसरें कांहीं नव्हतें, आणि पुढील पिकाला वर्ष होतें. अशा प्रसंगीं वर्तमानपत्रांतून 'अज्ञानामुळें' हा शब्द फार सैल हातानें लिहिला जातो. बांसवाड्याला तो लागू करणें हें त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय करण्यासारखें आहे. सोलोन्यांतला शेतकरी आणि हा भिल्ल, दोघांनाहि दाणा दिसत होता. त्याच्या बदलीं ताटांत वाढावयास दुसरा दाणा नव्हता.

पुढल्या वर्षीं, म्हणजे १९७५ सालीं, त्याच गांवांतील मका तपासला असतां विषाचें प्रमाण अगदीं कमी आढळलें आणि रोगहि उठला नाहीं. जे रोगी वांचले त्यांची दहा वर्षांनीं पुन्हां तपासणी झाली. ते पूर्ण बरे झालेले होते. अन्न बदललें आणि आग विझली. फ्लोदोआरच्या वृत्तांतांतील देवळाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

ह्यानंतर शास्त्रज्ञांचें लक्ष औषधापेक्षां खळ्याकडे आणि कोठाराकडे अधिक वळलें. त्यांत पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत झालेला एक प्रयोग फार मोलाचा आहे. त्याचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. वीस गांवें घेतलीं. दहा गांवांत शेतकऱ्यांना भुईमूग काढल्यावर करावयाच्या कांहीं गोष्टी शिकविल्या, उरलेल्या दहांत नेहमींची रीत चालूं दिली. शिकविलेल्या गोष्टी कोणत्या? बुरसटलेल्या व फुटक्या शेंगा हातानें निवडून काढणें; ओल्या मातीवर न पसरतां चटईवर उन्हांत वाळविणें; पुरत्या वाळल्या कीं नाहीं तें शेंग हलवून, आंतला दाणा वाजतो का हें ऐकून ठरविणें; प्लॅस्टिकच्या पोत्याऐवजीं हवा खेळणारें गोणपाट वापरणें; पोतीं जमिनीवर न ठेवतां लांकडी फळ्यांवर ठेवणें; आणि कीड लागूं न देणें. पांच महिन्यांनीं लोकांचें रक्त तपासलें, तेव्हां शिकविलेल्या गांवांत रक्तांतील अफ्लाटॉक्सिनची खूण दुसऱ्या गांवांपेक्षां निम्म्याहून खालीं होती. महाराष्ट्रांतील कोणतीहि जुनी गृहिणी ही यादी ऐकून म्हणेल कीं ह्यांत नवीन तें काय? नवीन एवढेंच कीं, ह्या गोष्टींनीं रक्तांतील विष किती उतरतें हें मोजून दाखविलें गेलें.

मक्याचें वाळणें पारखण्याची एक युक्तीहि आफ्रिकेंतील शेतकी प्रचारक सांगतात. कोरड्या बाटलींत थोडें कोरडें मीठ व मका घालून हलवावें. मीठ कांचेला चिकटलें तर मका अजून ओला आहे, न चिकटलें तर सांठवण्यास हरकत नाहीं.

धान्य बदलल्यानें काय होतें ह्याचें मोठें उदाहरण चीनमध्यें आहे. यांगत्सी नदीच्या मुखाजवळ चीदोंग नांवाचा प्रदेश आहे. तेथें यकृताच्या कर्करोगानें फार माणसें मरत, आणि तेथील लोक दमट हवेंत सांठविलेला मका खात. एकोणीसशें ऐंशीच्या दशकांत सरकारी निर्बंध सैल झाले आणि लोकांना तांदूळ मिळूं लागला. त्यांनीं मका सोडला. १९८९ पासून जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढें तपासतां असें दिसलें कीं, २००९ पर्यंत बहुतेकांच्या रक्तांत अफ्लाटॉक्सिनची खूण सांपडेनाशी झाली होती. कर्करोगाचे मृत्यूहि निम्म्याच्या आसपास उतरले, आणि तेहि अशा वयाच्या लोकांत, ज्यांना लहानपणीं यकृतसुजेची लस मिळालेली नव्हती. ह्या लोकांना कोणी विषाचें व्याख्यान दिलें नव्हतें. त्यांना तांदूळ मिळाला आणि तो त्यांनीं आवडीनें खाल्ला.

व्यापाराची गति मात्र ह्याच्या उलट आहे. युरोपीय संघ थेट खावयाच्या शेंगदाण्यांत किलोमागें ४ मायक्रोग्रॅमहून अधिक अफ्लाटॉक्सिन चालवून घेत नाहीं. त्यामुळें तिकडे जाणारा माल यंत्रानें आणि हातानें पुन्हां पुन्हां निवडला जातो. निवडून काढलेला दाणा कोणत्या घाण्यांत, कोणत्या पेंडींत, कोणत्या हातगाडीवरच्या पुडींत जातो, हें विचारणारें कोणी क्वचितच भेटतें. तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यांत क्षाराच्या प्रक्रियेनें विष बहुतांशीं निघून जातें. लहान घाण्याच्या तेलाला ती सोय नसते. घरीं शेंगदाणे आणले असतां सुरकुतलेला, काळपट, बुरसट वासाचा दाणा भाजण्यापूर्वींच फेंकावा. एक कडू दाणा तोंडांत आला तर तो गिळण्यापेक्षां थुंकावा, ही वडीलधाऱ्यांची शिकवण ह्या बाबतींत अगदीं शास्त्रशुद्ध ठरली आहे.

केनिया देशाच्या पूर्व भागांत २००४ सालीं पुन्हां बांसवाड्याचीच आवृत्ति निघाली. ३१७ रोगी, १२५ मृत्यु, आणि मूळ तेंच, ओला मका. बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांपैकीं निम्म्याहून अधिक कायद्याच्या मर्यादेबाहेर निघाले. सरकारनें विषारी मका जप्त केला आणि त्याच्या बदलीं दुसरें धान्य वांटलें. रोग्यांच्या घरीं जाऊन चौकशी करणारांना एक गोष्ट वारंवार आढळली. ज्या घरांत माणसें आजारी पडलीं होतीं, त्या घरांतील मका बहुधा बाहेरच्या उंच, हवेशीर कोठींत ठेवलेला नव्हता. तो ओलाच घराच्या आंत, माणसें निजत तेथें रचून ठेविलेला होता. टंचाईचें वर्ष होतें, आणि बाहेरच्या कोठींतून मका चोरीला जाईल अशी लोकांना भीति वाटत होती.